नदी दिसली म्हणजे चुकलात

कोल्हापूरच्या माणसाला पत्ता विचारणं सोपं, त्यानं सांगितलेला पत्ता सापडणं अवघड. हातातलं काम टाकून तो तुमच्याजवळ येईल. तुमचं गाव कुठलं, इकडं कुणाकडं आलाय, चहा झाला का, सगळं विचारेल आणि शेवटी हात लांब करून सांगेल, "हितनं सरळ जावा, पावणं. म्होरं गेल्यावर कुणालाबी इचारा." म्होरं जो भेटतो त्याचंही तेच. असं करत करत तुम्ही पोचता हे खरं, पण पत्ता कुणीच सांगितलेला नसतो.

मी संयोगिता, बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीत आमची शाळा आहे, तिथं नववीला मराठी शिकवते. गाईडमधल्या निबंधांवर माझा भारी राग. पावसाळा असो की परिश्रम, सगळ्यांची सुरुवात एकच, शेवट एकच, आणि मधे पोरगं कुठंच नाही. म्हणून यंदा म्हटलं, समजावून सांगणारा निबंध शिकवायचा. ज्याला ठाऊक नाही त्याला कळलं पाहिजे, एवढाच नियम. फळ्यावर विषय लिहिला: 'एसटी स्टँडपासून आपल्या शाळेत कसे यावे?'

"लिहिताना एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा," मी सांगितलं. "एकच. त्याला इथलं काही ठाऊक नाही. तो कुठं अडेल, कुठं घाबरेल, ते ओळखा आणि त्याच्यासाठी लिहा."

दुसऱ्या दिवशी वाचायला सुरुवात केली. पहिला उठला ऋतुराज, वर्गातला सगळ्यात मोठा आवाज. "मानवी जीवनात शाळेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे."

"ही कुठली बस म्हणायची?" मी विचारलं.

वर्ग हसला. ऋतुराज जराही न लाजता पुढं वाचू लागला: स्टँडवर उतरा, सरळ या, आणि मग कुणालाही विचारा. त्याच्या मागची अनुजा उठली. तिची भाषा छान, अक्षर त्याहून छान, आणि शेवटी कुणालाही विचारा. तिच्या शेजारचीचंही तेच. माझा पारा चढला. फळ्यावर 'कुणालाही विचारा' असं लिहून त्यावर मी आडवी रेघ मारली.

"हे वाक्य बाद! परत लिहा."

"म्याडम, मग माणूस पोचणार कसा?" ऋतुराज म्हणाला.

"तुझ्या निबंधानं."

"पर इचारलं की सांगत्यात की लोकं. कोल्हापूर हाय हे!"

"आणि ज्याला विचारता येत नाही त्यानं काय करायचं?"

बोलून गेले आणि माझी मीच चरकले. कारण सगळ्या माना एकदम खिडकीजवळच्या बाकाकडं वळल्या. तिथं शांभवी बसते. शांभवी अडखळत बोलते. पहिलं अक्षर तिच्या ओठांत असं अडकतं की गळ्याच्या शिरा ताठ होतात. घर कागलच्या पलीकडं, अगदी सीमेवरच्या गावात. घरात कानडी, गावात मराठी, आणि दोन्हींत तीच अडचण. गावच्या शाळेत पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, म्हणून तिच्या वडिलांनी तिला आठवीत इथं आणलं. आमचीही पोरं काही संत नाहीत, पण तिची नक्कल कुणी करत नाही. ते मी पहिल्याच आठवड्यात बघून घेतलं होतं.

शांभवीनं वर बघितलं नाही. वही उघडली, आधीचं पान उलटलं आणि नव्यानं लिहायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी लिहीतच होती.

त्याच शनिवारी तिचे वडील शाळेत आले. त्यांचं नाव शिवप्रसाद, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला. रोज सकाळी मोटारसायकलवरून लेकीला शाळेच्या दारात सोडायचे, मग कामावर जायचे, आणि सुटताना घेऊन जायचे. हातात काही नव्हतं तरी दोन्ही हात पुढं धरून उभे होते.

"म्याडम, पोरीचा दाखला द्या. आता गावातच घालतो म्हणतोय."

"का हो? काय झालं?"

"मला आता कागलच्या बाजूच्या युनिटला घाटलंय. हिकडं यायचंच बंद. हिला आणणार कोण, न्हेणार कोण?"

"एसटीनं येईल. कागलहून किती पोरी येतात."

"त्या बोलत्यात ओ, म्याडम." आवाज मोठा होता, पण त्यात राग नव्हता. "कागलला बस बदलायची, हितं उतरायचं, चालत यायचं. चुकली तर? इचारणार कुणाला? तिच्या तोंडातनं सबुद यायला येळ लागतोय, तवर म्होरलं माणूस निघून जातंय. मी बघितलंय ओ. दुकानात बघितलंय, दवाखान्यात बघितलंय."

बाप खोटं बोलत नव्हता. गावच्या शाळेत परत गेली तर तिचं काय होईल हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण लेक रस्त्यावर हरवण्यापेक्षा हसं झालेलं परवडलं, असा त्याचा हिशेब. अशा हिशेबाशी भांडायचं तरी कसं?

शांभवी दाराशी उभी होती. ती आत आली, दप्तरातून निबंधाचे दोन कागद काढले आणि बापापुढं धरले.

"अप्पा, य... य..."

"येते म्हणत्या," शिवप्रसाद मला म्हणाले, "एकटी येते म्हण—"

मी हात वर केला. ते गप्प झाले. बाहेर मैदानात कबड्डीचा आरडाओरडा चालला होता. आम्ही दोघं थांबलो. शांभवीनं डोळे मिटले, मान जराशी हलवली.

"य... यिवून बघा. तुम्ही. ह्येच्यावरनं. क... कुणाला न इचारता."

शिवप्रसाद हसायलाच लागले. "मी? अगं, वर्सं झाली मला कोल्हापुरात येऊन!"

"गाडीवरून," मी म्हटलं. "एकाच रस्त्यानं. सोमवारी एसटीनं या. वाटेत कुणालाही विचारायचं नाही, फक्त हा कागद. नाही पोचलात, तर दाखल्याचं बघू."

"आणि पोचलो तर?"

"तर तुम्हीच ठरवा."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मी तो निबंध तोवर वाचलेलासुद्धा नव्हता. ते गेल्यावर हे माझ्या ध्यानात आलं. समजा, पोरगी काही विसरली असेल तर? एका चुकलेल्या वळणानं तिची शाळा जायची, आणि पैज लावणारी मी.

सोमवारी प्रार्थना झाली, पहिला तास झाला, शिवप्रसाद नाहीत. ऋतुराज दर थोड्या वेळानं फाटकाकडं मान लांब करत होता. वर्गाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शांभवी शून्यात बघत पेनाचं टोपण काढत होती, घालत होती. दुसऱ्या तासाला मी व्याकरण काढलं, पण प्रयोग कुठला हे माझं मलाच कळेना.

"आलं, आलं!" ऋतुराज ओरडला.

शिवप्रसाद दारात आले. शर्ट पाठीला चिकटलेला, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. हातात ते दोन कागद, एव्हाना चुरगळलेले.

"चुकलो ओ, म्याडम," ते म्हणाले.

शांभवीचा चेहरा उतरला. अनुजानं तिचा हात धरला.

"हिचं न्हाय, माझं चुकलं. दसरा चौकापतोर बेस आलो. हिनं चक्क लिवलंय की डावीकडं वळा. पर तितंच गावाकडचा एकजण भेटला, आणि बोलत बोलत सरळ गेलो त्याच्यासंगं. त्याला इचारलं न्हाय हां, शपथ! त्यो गेला त्याच्या वाटंनं, आणि बघतोय तर म्होरं नदी. झालं, म्हटलं. एक माणूस येत हुतं, माझ्या तोंडात 'पावणं' आलंच हुतं. मग आठवलं, आणि कागद काढला."

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि बोट ठेवून वाचायला लागले. फाउंड्रीत यंत्रांवर ओरडायची सवय असलेला तो आवाज वाचताना अगदी हळू झाला.

"'नदी दिसली म्हणजे तुम्ही चुकलात. घाबरू नका. नदीकडे पाठ करा आणि आलात त्याच रस्त्याने मागे चला. सीपीआर दवाखाना लागेल, तो सोडून पुढे या. मोठा चौक आला की आता उजवीकडे वळा, कारण तुम्ही उलट बाजूने येत आहात. वेळ गेला तरी चालेल. शाळा तिथेच असते.'"

बाकीच्या सगळ्यांनी पोचायचं कसं ते लिहिलं होतं. चुकल्यावर काय करायचं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

शिवप्रसादांनी कागद खाली केला. "पर म्याडम, एक कळंना. ह्या पोरीला मी नदीकडं कधीच न्हेलेली न्हाय. हिला हे ठावं कसं?"

सगळे शांभवीकडं बघू लागले. ती उठून उभी राहिली.

"च... चुकलोतो मी." आमच्याकडच्या पोरीही आलो-गेलोच म्हणतात. "ग... गाडी पंक्चर झालती तुमची, तवा. श्टँडवर जाऊन तुमची वाट बघावी म्हणून निघालतो. न... नदी लागली."

"मग?"

"मग आलो की म... माघारी."

शिवप्रसाद बघतच राहिले. ज्या गोष्टीची त्यांना इतकी धास्ती, ती कधीच होऊन गेली होती. लेक चुकली होती, कुणाला न विचारता माघारी आली होती, आणि संध्याकाळी काही न बोलता त्यांच्याच गाडीवर मागं बसून घरी गेली होती.

"एकटी घाबरली असशील की गं," ते म्हणाले. "आणि लिवलंस ते 'घाबरू नका' म्हणून. कुणासाठी लिवलंस?"

शांभवीच्या ओठांत अक्षर अडकलं. शिवप्रसादांनी या वेळी ते पुरं केलं नाही.

"त... तुमच्यासाठी," ती म्हणाली.

शिवप्रसादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. घाम पुसला म्हणायचं. मीही फळ्याकडं वळले आणि पुसलेला फळा परत एकदा पुसला.

"म्याडम, दाखला ऱ्हाऊ द्या," ते मागून म्हणाले. "पासाला काय कागद लागतोय तेवढा द्या. एसटीच्या."

वर्गानं असा काही गलका केला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. शिवप्रसाद निघाले आणि दारात थांबले. कागद पुढून-मागून बघितला.

"यायचं लिवलंस, जायाचं न्हाय लिवलंस की. आता श्टँडला कसं जाऊ?"

"कुणालाबी इचारा!" ऋतुराज ओरडला, आणि सगळे हसले. शांभवीही हसली. मग ती बाकातून बाहेर आली, बापाजवळ गेली आणि सांगायला लागली. फाटकातून ब... बाहेर पडा. उजव्या अंगाला भ... भिंत ठेवा. एकेक शब्द यायला वेळ लागत होता. मधे घंटा झाली. वर्गातलं कुणी जागचं हललं नाही, कुणी शब्द पुरवला नाही.

शिवप्रसाद दारात उभे होते, मान थोडी झुकवून, सगळं ऐकून होईपर्यंत.