फरशीखालचे दोन सेंटिमीटर

मी उंची मोजायची एक जुनी सागवानी पट्टी आहे. लोहारा तालुक्यातल्या एका शाळेत, कार्यालयाच्या दाराशेजारी मला भिंतीला ठोकलेलं आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. पण मी मापाची वस्तू आहे. कुणाला बरं वाटावं म्हणून मी काही सांगू नये, एवढंच माझं काम होतं.

महालिंगप्पा सुतारांनी मला घडवलं. पोलादी टेप अंगाशी लावून त्यांनी माझ्यावर दोनशे खुणा कोरल्या, प्रत्येक खुणेशेजारी आकडा कोरला आणि त्यात काळा रंग भरला. माझ्याआधी त्यांनी एक पट्टी केली होती. तिची एक खूण केसभर सरकली, तर ती अख्खी पट्टी त्यांनी चुलीत घातली. शाळेत येऊन मला ठोकतानाही ते जमिनीवर आडवे झाले आणि माझं शून्य शहाबादी फरशीला नेमकं टेकलंय, याची खात्री करूनच उठले. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पण मला ते पुरेसं होतं.

पुढे दरवर्षी जूनमध्ये मुलं मला पाठ लावून उभी राहायची. योगीराज सर त्यांच्या डोक्यावर वही आडवी धरून आकडा वाचायचे. सर खेळ शिकवायचे. माणूस मायाळू. मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की मनात आणलं तर माणूस काय वाट्टेल ते होऊ शकतो. उंची कमी असलेल्यांना ते मैदानातल्या लोखंडी बारला लटकायला लावायचे. मी पुष्कळ मुली मोजल्या आहेत. पंधरा-सोळाच्या पुढे मुलींचा आकडा जागच्या जागी थांबतो. बारला लटकणाऱ्यांचाही थांबतो आणि न लटकणाऱ्यांचाही. पण पट्टीला कोण विचारतो?

एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं जुन्या शहाबादीवरच नवी पांढरी फरशी बसवली. गवंड्यानं ती अगदी माझ्या अंगापर्यंत आणून भिडवली. माझ्या खालच्या दोन खुणा सिमेंटमध्ये गेल्या. त्या वर्षी सरांनी सुट्टीआधीही उंची घेतली होती. सुट्टी संपल्यावर पुन्हा मोजलं, तर तीन आठवड्यांत सगळी शाळा दोन-दोन सेंटिमीटरनं वाढलेली. मुलं नाचायला लागली. सरांनी खाली वाकून पाहिलं. त्यांना काय झालंय ते कळलं. ते सरळ उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "बघा, सूर्यनमस्कार असे फळाला येतात."

त्या रांगेत सहावीतली शिवांजली होती. तिचे वडील उत्तरेश्वर लोहाऱ्याहून प्रवासी ने-आण करणारी वडापची जीप चालवायचे. तिला पोलीस व्हायचं होतं. पोलीस भरतीत मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते. दहावीत ती माझ्यापाशी उभी राहिली तेव्हा आकडा आला एकशे छप्पन. बारावी झाल्यावर मोजलं तेव्हाही तोच. सर म्हणाले, "शिवांजली, तुझ्याकडं एक सेंटिमीटर शिल्लक आहे. आता फक्त पळायचं."

त्याच महिन्यात तिचा सोलापूरला नर्सिंगला नंबर लागला होता. तिनं तो सोडला. दुसरीकडे उंची मोजून बघ, असं तिला कुणी म्हणालं नाही. शाळेची पट्टी खोटी कशी असेल? लग्नाचं बोलणं काढणाऱ्या भावकीला तिच्या वडिलांनी तीन वर्षं थोपवून धरलं. तीन वर्षं ती पहाटे डांबरी रस्त्यावर पळाली. आठशे मीटर दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत. सर घड्याळ घेऊन उभे असायचे, आणि मुलींमध्ये ही वेळ तालुक्यात कुणाची नाही असं सगळ्यांना सांगत सुटायचे.

धाराशिवच्या भरतीच्या मैदानावर तिला पळावंच लागलं नाही. पहिल्याच टेबलावर उंची घेतली, एकशे चोपन्न. तिनं अर्ज करून पुन्हा मोजायला लावली. पुन्हा एकशे चोपन्न. तिला बाजूला उभं करून त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

दुपारी बापलेक थेट शाळेत आले. मैदानावरचं माप चुकलंय, सरांनी शाळेच्या सहीनं तसं लिहून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती मला पाठ लावून उभी राहिली. सरांनी वही धरली. एकशे छप्पन. पहाटेपासून जीप चालवून उत्तरेश्वरांची कंबर धरली होती. ते भिंतीला टेकून खालीच बसले, आणि त्यांची नजर माझ्या तळाशी गेली.

"सर, ह्यो आकडा तीनपस्नं कसा चालू व्हतो? एक-दोन कुठं गेलं?"

सरांनी वही खाली घेतली. मग म्हणाले, "फरशीखाली."

"तुमास्नी म्हाईत व्हतं?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. आकडा मोठा दिसला की मुलांना हुरूप येतो, ती जास्त मेहनत करतात, आपण कुणाचं वाईट केलं नाही, असं ते सांगत राहिले. केलेली मेहनत वाया जात नसते, असंही म्हणाले.

शिवांजली मला तशीच टेकून उभी होती. ती म्हणाली, "सर, नर्सिंगला उंची लागत नव्हती."

महिनाभरानं उत्तरेश्वर एकटेच आले. सरांचं अक्षर चांगलं, म्हणून मुलीचा लग्नाचा बायोडाटा लिहून घ्यायला. नाव, शिक्षण, रंग झाला. उंचीपाशी सरांचा पेन थांबला. उत्तरेश्वरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"एकशे छप्पन लिवा," ते म्हणाले. "तेवढा तरी उपेग हू द्या."

सरांनी लिहिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुमच्याकडे हात जोडतात. आम्हाला पुसा, रंग द्या, विसरू नका, असं म्हणतात. मला त्यातलं काही नको. यंदाच्या जूनमध्येही एकेचाळीस मुलं मोजली गेली. चौथीतली एक मुलगी आकडा ऐकून आईला सांगायला घरापर्यंत पळत गेली. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती.

तुमच्यापैकी कुणीतरी घरून टेप आणा. फरशीला टेकवून माझ्याशेजारी धरा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. मुलं नाराज होतील, सर तुमच्यावर रागावतील. मग पहार घ्या आणि मला भिंतीतून उपटून काढा. तळाचं लाकूड फरशीत अडकलंय, ते निघताना फुटेल. फुटू द्या.