चिकाची पारख

म्हातारीच्या थोरल्या पोराला रोपाला सुई टोचायची लाज वाटू लागली होती. म्हणे डाग पडतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. चाळीस वर्षं म्हातारीनं नर्सरी चालवली. अक्षरओळख जेमतेम, पण सुई टोचून चीक येतो का ते पाहिल्याशिवाय तिनं काटेरी रोप कधी विकलं नव्हतं. गुडघे गेले, कारभार पोराकडे गेला आणि सुई चष्म्याच्या डबीत जाऊन पडली.

आज शिवणकाम करणारी बाई दारात उभी होती. उजव्या डोळ्यावर पट्टी.

"इथून नेलेल्या रोपाची फांदी छाटली, तर चीक उडाला डोळ्यात," ती म्हणाली. "डॉक्टरांना झाडाचं नाव हवं होतं, म्हणून तेव्हाच इथे फोन केला होता."

"मी सांगितलं ना, कॅक्टस," थोरला म्हणाला. "पाटीवर तेच आहे. कॅक्टसला चीक नसतो, ताई. काटा गेला असेल."

"डॉक्टरही दोन दिवस काटाच शोधत बसले. मलाच वाटायला लागलं, चीक आपल्याला भासला." तिनं पट्टी चाचपली. "आता सुईत दोरा ओवता येत नाही. नेम चुकतो."

म्हातारी थोरल्याकडे वळली. "हिनं नेलं त्याच खेपेतलं रोप आण. आणि एक खरा कॅक्टस."

"आई, नर्सरीचं नाव जाईल."

"आणतोस, की माझ्या गुडघ्यांना उठवतोस?"

त्यानं दोन कुंड्या आणून ठेवल्या. दोन्ही हिरव्या, उभट, धारदार. सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा.

"उन्हानं दोघींची अंगकाठी सारखी केली, बाकी नातं लांबचं," म्हातारी म्हणाली. "कॅक्टसचे काटे कापसाच्या गादीवर बसलेत. या दुसरीचे बघ, जोडीजोडीनं, शिंगांसारखे. हा चिकाचा निवडुंग."

तिनं सुई टोचली. पहिलीतून पाण्याचा थेंब आला. दुसरीतून पांढरा चीक भळकन आला आणि 'कॅक्टस' लिहिलेल्या पाटीवर ओघळला.

शिवणारी एका डोळ्यानं बघत राहिली. "पहिल्याच दिवशी कळलं असतं तर?"

म्हातारीला खोटं बोलता आलं असतं.

"डोळा वाचला असता कदाचित."

"मी काय मुद्दाम केलं का, आई?" थोरला पुटपुटला.

तिनं सुई पुसून त्याच्या तळहातावर ठेवली.

"मुद्दाम नाही, आळसानं केलंस. उद्यापासून पाट्या लिहायच्या नाहीत. रोज सकाळी हिच्या दारात जायचं आणि हिच्या सुयांत दोरे ओवून द्यायचे. तुझे दोन्ही डोळे धड आहेत."