फिल्म वाळत आहे

दोघा भावांच्या स्टुडिओत आतल्या खोलीच्या दारावर एक पाटी होती : 'फिल्म वाळत आहे. दार वाजवू नये.' पाटी वडिलांच्या वेळची. तेव्हा आत डार्करूम होती, तारेला चिमट्यांनी खरोखरच ओल्या फिल्म लटकत असत आणि वडील त्यांच्याखाली सतरंजी टाकून झोपत. उठल्यावर तोंड धुवायचं, चष्मा पुसायचा आणि मगच फोटोकडे बघायचं, असा त्यांचा नियम होता. झोप न काढता पाहिलेला फोटो त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. गिऱ्हाईक फारच मागे लागलं, तर म्हणत, "अजून ओला आहे." पुढे डार्करूम गेली, वडील गेले. खोलीत ओलं असं काही उरलं नाही. पाटी राहिली, कारण दादाला ती लागत होती.

दादा म्हणजे थोरला भाऊ. वय अठ्ठावन्न. धाकटा कॅमेरा घेऊन समारंभांना जाई आणि दादा आत बसून ते समारंभ कापून-जोडून माणसांनी बघण्याजोगे करी. समारंभ मुळात बघण्याजोगे नसतात हे दोघांनाही माहीत होतं, पण धंद्यात असं बोलायची पद्धत नाही.

कॉम्प्युटर नऊ वर्षांचा होता. एक तासाची फोर-के, म्हणजे अतिशय ठसठशीत चित्राची, फिल्म कापून तयार झाली, की तिची एकेक चौकट दाबून, आवळून एका फाइलमध्ये बसवायची असते. त्याला एन्कोडिंग म्हणतात. या कॉम्प्युटरला त्या कामाला चार-साडेचार तास लागत. तेवढा वेळ त्याचा पंखा घरघरे आणि त्याला हात लावायची सोय नसे. घरात या प्रकाराला 'वाळत घालणं' असंच नाव होतं.

दादाचं दुपारचं वेळापत्रक त्यावर बेतलेलं होतं. साडेबाराला फिल्म वाळत घालायची. दादाची बायको, म्हणजे वहिनी, डबा घेऊन येत, तो खायचा. पाटी लावायची, घडीची खाट उलगडायची आणि पाठ टेकायची. वहिनी बाहेर काउंटरवर शब्दकोडं सोडवत बसत आणि कुणी आलंच तर पाटीकडे बोट दाखवत. साडेचारच्या सुमारास दादा उठे, तोंड धुई, चष्मा पुशी आणि तयार फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघे. मगच ती बाहेर जाई. वीस वर्षांत एकाही फिल्मबद्दल तक्रार आली नव्हती. कौतुकही आलं नव्हतं, पण त्याची दादाला सवय होती.

मग धाकट्याने ग्राफिक्स कार्ड आणलं.

"दादा, आतापर्यंत सगळं ओझं प्रोसेसर एकटा वाहत होता," कॉम्प्युटरचं झाकण उघडत धाकटा म्हणाला. "या कार्डावर एन्कोडिंगसाठी वेगळी चिपच आहे. ती दुसरं काहीच करत नाही."

"भाग्यवान आहे," दादा म्हणाला.

"एक्स्पोर्ट करताना इथे फक्त टिक करायची. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन. बस."

दादाने टिक केली. डबा खाऊन, हात धुऊन, खाटेची दुसरी घडी उलगडेपर्यंत मशीनने टिंग केलं. बावीस मिनिटं झाली होती. दादा अर्ध्या उघडलेल्या खाटेकडे बघत राहिला.

"झालं?" बाहेरून वहिनींनी विचारलं.

"झालं."

"मग आता?"

"आता पुढची."

धाकट्याला कधी नव्हे तो हुरूप आला होता. आठवड्याला दोन समारंभ घेणारा माणूस दहा घेऊ लागला. वाढदिवस, निरोप समारंभ, दुकानांची उद्घाटनं. कुणीतरी गच्चीवर टाकी बसवली, त्याचंसुद्धा शूटिंग झालं. फिल्म तयार झाली, की धाकटा ती ड्राइव्हवर घेऊन तसाच बाहेर पडे. बघायला वेळ कुणाला होता? पाटी आता खोटी ठरली म्हणून त्याने ती काढली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. एवढी एक गोष्ट त्या महिन्यात स्थिर झाली.

दादाची मात्र पार दशा झाली. एका सकाळी तो एका चष्म्यावर दुसरा लावून दुकानात आला आणि दुपारपर्यंत स्क्रीन खराब झाला म्हणत राहिला. जेवताना वहिनी शेजारणीचं काहीतरी सांगत होत्या, तर हात वर करून म्हणाला, "इथून कापा."

"कुणाला?" वहिनींनी विचारलं.

तो वरमला. वहिनींनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "भाऊजींना सांगा, झेपत नाही म्हणून."

"काय सांगू? मशीनला झेपतं आणि मला झेपत नाही?"

"हो. तसंच."

पण सांगवलं नाही. धाकटा स्वतः दिवसाला दोन-दोन ठिकाणी खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा असायचा आणि त्याच्या अंगाला बामाचा वास यायचा. त्याच्यापुढे बसून काम करणाऱ्याने काय तक्रार करायची?

आता दादाची एक जुनी सवय सांगायला हवी. कागदावर टिपणं केली की त्याच्याकडून कागद हरवत. म्हणून तो टिपणं फिल्ममध्येच करी. ज्या जागी काम राहिलं असेल, तिथे काळा पडदा टाकायचा आणि त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत स्वतःसाठी चिठ्ठी लिहायची. 'इथे केक', 'ही बाई कोण, विचारणे', 'काकांचं नाक, झाकणे'. काम झालं की चिठ्ठी काढायची. एखादी राहिलीच, तर दुपारच्या झोपेनंतर धुतलेल्या तोंडाने फिल्म बघताना ती सापडे. दर फिल्ममध्ये एखादी सापडतच असे. आता ते बघणंच उरलं नव्हतं.

गावातल्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या समारंभाची फिल्म त्यांच्या घरी चाळीस नातेवाईक जमवून मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली :

'इथे हेडसरांचं भाषण. सत्तेचाळीस मिनिटं. ऐकताना दोनदा झोप लागली. निम्मं कापणे. कुठलं निम्मं ते उद्या बघू, आज डोळे मिटताहेत.'

ही चिठ्ठी पडद्यावर वीस सेकंद राहिली. फोर-के असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या मोतीबिंदूवाल्या आत्यांनीसुद्धा ती चष्म्याशिवाय वाचली. त्यानंतर भाषण सुरू झालं. न कापलेलं, सत्तेचाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसर ड्राइव्ह घेऊन स्टुडिओत आले. धाकटा काउंटरवर होता. काय झालं ते कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दादा आतून बाहेर आला आणि शिक्षा घ्यायला आलेल्या मुलासारखा उभा राहिला. दोघेही भाऊ हेडसरांच्याच शाळेतले होते.

"अक्षर चांगलं आलं आहे," हेडसर म्हणाले. "कुणी लिहिलं?"

"मी, सर."

"झोप नेमकी कुठे लागली?"

दादाने जरा आठवलं. खोटं बोलायला लागते तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. "पहिल्यांदा तुमच्या दुसऱ्या बदलीच्या सुमाराला. नंतर ग्रंथालयाच्या कपाटांपाशी."

हेडसरांनी मान हलवली. "काल आम्ही सगळ्यांनी लक्ष ठेवलं होतं. बरोबर आहे तुझं. कपाटांपाशी माझा जावई झोपी गेला, मग व्याही. बायको तर बदलीच्या आधीच गेली होती. ती म्हणाली, पन्नास वर्षं मी हेच सांगतेय, पण लिहून द्यायला कुणीतरी बाहेरचं लागलं."

धाकटा घाईघाईने म्हणाला, "सर, वीस मिनिटांत दुसरी करून देतो."

"वीस मिनिटांतली एकदा पाहिली," हेडसर म्हणाले. "मुलगी उद्या रात्रीच्या गाडीने परत जाते, तिच्याबरोबर द्यायची आहे. मी उद्या सहाला येईन. भाषण दहा मिनिटांचं कर. आणि हे बघ," ते दादाकडे वळले, "या वेळी झोप काढून मग कर. दोन्ही एकदम नको."

ते गेल्यावर धाकटा म्हणाला, "आणखी किती फिल्ममध्ये गेल्या असतील चिठ्ठ्या?"

"टाकीच्या फिल्ममध्ये एक आहे बहुतेक."

"काय लिहिलंय?"

"'का?' एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने भाषण कापलं. दोन्ही बदल्या आणि सगळी कपाटं गेली. बायकोचे आभार राहिले. फिल्म चौसष्ट मिनिटांची झाली. साडेबारा वाजले होते. त्याने एक्स्पोर्टची खिडकी उघडली आणि त्या टिकवर बाण नेऊन थांबला. धाकटा सकाळच्या समारंभाला गेला होता. वहिनींनी डबा टेबलावर ठेवला आणि कसं काय ते न विचारता बाहेर जाऊन बसल्या.

दादाने टिक काढली.

मशीनने हिशेब केला : चार तास वीस मिनिटं. म्हणजे पाचला दहा मिनिटं कमी. त्यानंतर तोंड धुऊन चौसष्ट मिनिटं बघायची. हेडसर दारात असताना फिल्म संपेल. दादाने बटण दाबलं. नवं कार्ड गप्प बसलं आणि जुना पंखा घरघरायला लागला. दादाने दोन घास कसेबसे खाल्ले, खाट उलगडली आणि आडवा झाला. पण इतक्या दिवसांनी झोप बोलावली तर ती लगेच येईना. तिचा मान राखायला हवा होता.

एकच्या सुमाराला धाकटा आला. बाहेरूनच त्याने तो आवाज ऐकला असणार, कारण तो कॅमेऱ्याची बॅग खाली न ठेवता सरळ आत आला आणि स्क्रीनसमोर उभा राहिला. दादाने डोळे गच्च मिटले.

"दादा, झोपलास का?"

"हो."

"टिक काढलीस?"

"कसली?"

"दादा."

"प्रोसेसरने केलं की चित्र जरा नितळ येतं," दादा डोळे न उघडता म्हणाला.

"किती नितळ?"

"जरा."

धाकट्याने माउसवर हात ठेवला. एकदा रद्द केलं आणि टिक लावून पुन्हा चालू केलं, की दीड वाजायच्या आत काम हातात. आणखी तीन फिल्म रांगेत होत्या. दादाला ते न बघताही ठाऊक होतं, म्हणून त्याने बघितलंच नाही. खाटेच्या पट्ट्या हाताने घट्ट धरून तो पडून राहिला. क्लिकचा आवाज काही आला नाही. स्टूल ओढल्याचा आला.

"मागच्या रविवारी," धाकटा म्हणाला, "त्या निरोप समारंभात मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि उभ्या उभ्या झोपलो. हँडलवरचा हात घसरून कॅमेरा वळला असेल. चाळीस मिनिटं नुसता खांब आलाय. तुला सांगणार होतो."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"तो समारंभ एडिट कुणी केला? खांब मीच कापला. कोपऱ्यात लावून ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावरून चालवलं."

"बोलला नाहीस."

"तूही बोलला नाहीस."

धाकटा थोडा वेळ बॅगेचा पट्टा कुरवाळत बसला. "चिठ्ठी लिहिली होतीस?"

"लिहिली होती."

"काय?"

"'खांब. धाकटा झोपला आहे. उठवू नये.'" दादा म्हणाला. "ती सापडली वेळेवर. नाहीतर तीही गेली असती."

धाकटा हसला नाही. उठला. दादाला वाटलं, आता माउसकडे जाईल. तो टेबलाखाली वाकला आणि पायाखालची पाटी ओढून काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं आणि डब्याचं झाकण खाली पडलं. पाटीवरची धूळ त्याने शर्टाच्या बाहीला पुसली, बाहेर खिळ्याला अडकवली आणि दार लोटून घेतलं.

"तुझा पुढचा समारंभ?" दादाने विचारलं.

"पाचला. मी पाचला पंधरा कमी असताना उठेन. तूही ऊठ तेव्हा." मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून दिवसाला एकच घेतो. दुसऱ्यांना नाही सांगतो."

"काय सांगशील?"

 कोपऱ्यातली सतरंजी धाकट्याने जुन्या तारेखाली पसरली आणि बूट न काढताच पडला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. रांगेतल्या तीन फिल्मपैकी एकीचे मालक होते. फिल्म कधी मिळणार, म्हणून विचारत होते. फोन छातीवर ठेवून धाकटा छताकडे बघत बोलत होता.

"नाही, आज नाही. अजून ओली आहे." पलीकडून काहीतरी आलं. "ओली म्हणजे उद्या. संध्याकाळी. आम्ही एकदा बघतो आणि मग देतो."

त्याने फोन जमिनीवर उपडा ठेवला. दादाने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, पण तोवर धाकट्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि श्वास लांबला होता.

बाहेर कुणीतरी आलं. वहिनींची खुर्ची जराशी करकरली. त्यांनी बोट दाखवलं असणार, कारण पावलं तशीच मागे गेली. खोलीत प्रोसेसरचा पंखा घरघरत होता. पडद्यावर तीन तास एकतीस मिनिटं उरली होती. थोड्या वेळाने ती बत्तीस झाली. कुणीही तक्रार केली नाही.