मुदत नसलेला हक्क

माझ्या सर्वांत वरच्या कार्डाचा खालचा उजवा कोपरा बाकीच्या तीन कोपऱ्यांपेक्षा मऊ आणि काळपट आहे. तिथे एका बाईचा अंगठा टेकतो. मित्रांनो, मी एक जुना शब्दकार्डांचा गठ्ठा आहे आणि तुमची कीव मला नको आहे.

माझा जन्म एका भाषांतराच्या कचेरीत, फायलींच्या टाकून दिलेल्या पुठ्ठ्यांतून झाला. कचेरी ताईची, तिथे राबायची तिची धाकटी बहीण. लेखकांच्या हक्कांविषयीचे चिनी करार कचेरीत येऊ लागले, तेव्हा धाकटीने कात्रीने मला कापले. पुढच्या बाजूला चिनी शब्द, मागे त्याचा अर्थ, आणि अर्थाखाली तो डोक्यात राहावा म्हणून स्वतः रचलेली एखादी ओळ. ‘छिनछ्वान’ म्हणजे हक्कभंग. त्याखाली तिने लिहिले, ‘शेजारीण तुमच्या स्वयंपाकघरात शिरते, तुमच्याच भांड्यांत रांधते आणि तुम्हालाच जेवायला बोलावते.’ ‘शूमिंगछ्वान’ म्हणजे आपल्या कृतीवर आपले नाव असण्याचा हक्क. त्याखाली, ‘पैशाच्या हक्कांना मुदत असते. याला नाही.’ चुकलेले कार्ड ती वरून तिसऱ्या जागी घालायची, म्हणजे ते लगेच पुन्हा समोर येई. हे शेवटचे कार्ड फार दिवस तिथेच घुटमळत होते.

ताई येता-जाता टोमणे मारी. “झाला का पत्त्यांचा डाव? जिंकलीस की सांग हो!” भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, माझे एक कार्ड डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारून मोकळे झाले. धाकटीने ते काढून पुसले. तिची सगळी भाषांतरे ताईच्या सहीने जात. दर वेळी तिच्या ओठांशी काहीतरी येई आणि ती ते गिळून टाकी. मला कळे, कारण तिची मूठ माझ्याभोवती आवळली जाई.

शब्द पाठ झाले आणि मी खणात पडलो, मोडक्या स्टेपलरच्या शेजारी. पुढे वकिलांच्या एका कंपनीने आपल्या माणसांना हेच शब्द शिकवण्यासाठी पुस्तक मागितले. मग काय, ताईने स्वतः माझ्यावरची धूळ झटकली. “रत्न आहे गं हे, रत्न!” म्हणाली. मित्रांनो, उशिरा सुचलेल्या कौतुकाचा मला तिटकारा आहे.

छपाईआधीची प्रत टेबलावर आली. त्यात शेजारीण होती, भांडी होती, धाकटीची प्रत्येक ओळ होती. मुखपृष्ठावर नाव ताईचे.

“ताई, हे काय?”

“काय म्हणजे? कचेरी माझी, पुठ्ठे माझे. आणि शब्द काय तुझ्या मालकीचे आहेत? चिनी लोकांचे आहेत.”

“शब्द कुणाचेच नसतात. त्यांच्याखालच्या ओळी माझ्या आहेत.”

“बहिणीबहिणींत कसला आलाय कायदा!”

भावोजी हसले. “आतल्या पानावर आभार मानू हिचे. ठळक अक्षरांत! झालं समाधान?”

“आभार पाहुण्यांचे मानतात, भावोजी.”

“बघा, जीभ फुटली हिला!” ताईने हात पुढे केला. “आण तो गठ्ठा इकडे. दोन ओळी ताडून बघते आणि आजच छापायला धाडते.”

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पुठ्ठ्याचे काय, त्याला कसर लागली तरी चालते. पण ज्या हाताने मला लिहिले त्याचे नाव पुसून मला काचेच्या कपाटात ठेवाल, तर मी त्या काचेआडून तुमचा द्वेषच करीन.

धाकटीने मला उचलून आपल्या पिशवीत ठेवले. तिचा आवाज जराही चढला नाही.

“या कार्डांवरचं अक्षर माझं आहे, ताई. माझं नाव नसेल तर हे पुस्तक निघणार नाही. आणि नाव घातलंस, तरी उद्यापासून मी इथे येणार नाही.”