नावाड्याच्या मुलीचा शेवट

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना कुसाकाबे बोटीने सादो बेटावर गेला. टोकियोतल्या एका बड्या प्रकाशन संस्थेच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात त्याची सगळी नोकरी झाली होती, आणि संपादक म्हणून त्यातली चांगली वर्षं इसोगाई या चित्रकाराच्या एकाच मालिकेवर गेली होती. नावाड्याच्या मुलीची ती गोष्ट वाचकांच्या मतांत सतत पहिली यायची.

तिसऱ्याच वर्षी इसोगाई म्हणाला होता, "आता संपवू या. गोष्ट काठाला लागलीय."

"इतक्यात कुठे? लोक सोमवारची वाट बघतात हो. एखादं नवं बेट आणा, नवा वैरी आणा."

इसोगाई मुळात भिडस्त. त्याने बेट आणलं, वैरी आणला. पुढे दर वर्षी हेच बोलणं झालं आणि दर वर्षी तो ऐकत गेला. शेवटी त्याला उजव्या हाताने टाक धरवेना. मालिका काही काळ थांबवतोय असं छापलं, ती थांबलीच.

आता संस्थेला ती पुरी करायची होती. शेवट इसोगाईने सांगायचा, चित्रं दुसऱ्यांनी काढायची. विचारायला जायचं काम कुसाकाबेने मागून घेतलं होतं.

इसोगाईची बायको फुसाए अंगणात मुळे वाळत घालत होती. "या. तुमचं नाव काढलं की हे अजून टेबल आवरायला उठतात," ती म्हणाली.

इसोगाईने डाव्या हाताने चहा ओतला आणि सगळं ऐकून घेतलं. "काढू देत की. पण शेवट मला आठवत नाही."

"असं कसं?"

"मध्ये इतकी बेटं आली. ती मुलगी कुठे निघाली होती, तेच विसरलो. पण तुम्हाला सांगितला होता ना? अगदी सुरुवातीला, ऑफिसखालच्या कॉफीच्या दुकानात. सांगताना रडलो होतो मी."

तो रडवेला चेहरा कुसाकाबेला लख्ख आठवत होता. शब्द मात्र एकही नाही. तेव्हा तो नुसती मान हलवत होता. डोक्यात पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ होतं.

एखादा बरासा शेवट तिथल्या तिथे रचणं त्याला अवघड नव्हतं.

"मी तेव्हा ऐकतच नव्हतो, इसोगाई-सान," तो म्हणाला. "चुकलं माझं."

फुसाए हात पुसत दारात आली होती. "मलाही कधी सांगितला नाही," ती म्हणाली. "म्हणायचे, छापून आल्यावर वाच."

तिने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना तिघं मासळीबद्दल बोलले.

"शेवट नाही? मग आपणच लिहू," तो टोकियोला परतल्यावर मुख्य संपादक म्हणाला.

"नको," कुसाकाबे म्हणाला, आणि हट्टालाच पेटला. महिनाभर वाद झाला, मग विषय बारगळला. हे कळवायला त्याने सादोला फोन केला. इसोगाई "बरं" म्हणाला. पुन्हा या, असं काही म्हणाला नाही.