उत्तराची शीळ

सारजानं पुण्याहून दोन मोठे स्पीकर आणले तेव्हा मुंजाबाला वाटलं, आता केरबा घरात येणार. पण पहिल्याच दिवशी केरबाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. शब्दात शब्द मिसळलेले, खालचा सूर नुसता घुमतोय आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यातलं लोखंडी कपाट थरथरतंय. मुंजाबा खुर्ची बदलून बसला, मग दारात उभा राहिला, मग चिडून म्हणाला, "ह्याच्यापरीस माझा जुना टेप बरा व्हता."

"स्पीकरचा दोष नाय आबा," लेक म्हणाली. "खोलीचा आहे."

हे त्याच्या मनाला फार लागलं. चिकलठाण्याचं हे घर त्यानं कंपनीत जन्मभर प्रेस मशीन चालवून बांधलं होतं. चकचकीत फरशी, ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंती. गावातल्या कुडाच्या घराचं सगळं उट्टं त्यानं ह्या भिंतींवर काढलं होतं, आणि आता पोरगी म्हणत होती की ह्याच भिंती केरबाचा आवाज नासवतात.

केरबा त्याचा धाकटा भाऊ. पाचोडच्या पलीकडं त्यांचं गाव, घरात मेंढरं. मुंजाबा कंपनीत लागला आणि कळप एकट्या केरबाच्या अंगावर पडला. केरबाचा गळा असा, की जत्रेत त्यानं ओवी धरली की भांडणारी माणसंही गप्प व्हायची. गावाबाहेरच्या बौद्धवाड्यातला सुदाम त्याचा जिवलग दोस्त. तो विद्यापीठात शिकायचा. त्यानं आपल्या सरांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि एका जत्रेत केरबाची ओवी भरून घेतली. पुढच्या वर्षी ऐन पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, मराठवाडाभर बौद्धवाडे पेटले, आणि त्यात केरबा गेला. त्याचा एक फोटोसुद्धा नाही. एवढी कॅसेट उरली, तीही सुदामनं आणून दिली म्हणून.

मुंजाबाचे कान आता उतरणीला लागले होते. प्रेसच्या धडाक्यानं ते आधीच अर्धे नेले होते. उरलेले जायच्या आत भावाला एकदा नीट, शब्द न् शब्द ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. सारजानं कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून तिची खरखर काढली होती. राहिली होती ती खोली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारजानं मुंजाबाच्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर, बोटाएवढा माइक उभा केला.

"स्पीकर एक आवाज काढणार, खालपासून वरपर्यंत," तिनं सांगितलं. "खोली त्यातलं काय फुगवते, काय गिळते, ते कॉम्प्युटर मोजणार. मग ओवी लावताना तेवढंच उलटं करून सोडणार. फुगवते तिथं कमी, गिळते तिथं जरा जास्त. फार गिळत असंल तर मात्र इलाज नाय."

"म्हंजी खोलीची खोड मोडायची."

"व्हय, तसंच. फक्त मोजताना कुणी हूं की चूं करायचं नाय."

पंखे बंद झाले. फ्रिज बंद झाला. बायकोला, म्हाळसाबाईला, कुकर उतरवायला लावला, तशी ती करवादली, "आता जीव तरी मुठीत धरू का?" विमानतळावरून एक विमान उठलं, ते लांब जाईपर्यंत तिघं गप्प बसून राहिले. मग सारजानं बटण दाबलं.

आधी फरशीखालून गुरगुर आली. मग तिचा सूर झाला, आणि तो सूर न तुटता, न थांबता वर वर चढू लागला. मुंजाबाला कळायच्या आत त्याची दोन बोटं तोंडात गेली आणि त्यानं आखूड, दुहेरी शीळ घातली.

"आबा! काय हे?" सारजा ओरडली. "सगळं मोजमाप गेलं. परत लावावं लागंल."

"चुकलं बाई. लाव."

तिनं परत लावलं. परत तसंच झालं. ह्या वेळी त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, तरी ओठ आपसूक वळले आणि शीळ सुटली. सारजाला आधी हसू आलं, मग राग आला. "तुम्ही बाहेर जाऊन बसा बरं."

"त्याला बाहेर धाडू नको," म्हाळसाबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ती केरबाभावजींची शीळ हाय."

सारजानं बोट बटणावरून काढलं. चुलता दंगलीत गेला, एवढंच तिला माहीत होतं. त्यापुढं ह्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

मुंजाबानं सांगितलं, ते भिंतीकडं बघून. माळावर लांडगा दिसला की वरच्यानं खालून वर चढवत शीळ घालायची. खाली ज्याला ऐकू येईल त्यानं आखूड, दुहेरी शीळ घालून उत्तर द्यायचं, म्हणजे कळलं. आणि उत्तर येत नाही तोवर वरच्यानं थांबायचं नाही. तोंड सुजलं तरी नाही. मेंढरांच्या घरात पोराला चालता येण्याआधी हे शिकवतात.

"त्या दिशी केरबानं टेकडीवरून बघितलं. गावातली माणसं, आपलीच, रॉकेलचे डबे घिऊन बौद्धवाड्याकडं निघालेली. त्यानं शीळ घातली. सुदामनं वळखली. त्यानंच घराघरातून माणसं बाहेर काढली, लेकरांसकट बाजरीत नेऊन निजवली. सगळी वाचली, सारजा. घरं जळाली, पर माणूस एक बी गेलं नाय."

"मग काका?"

"तो थांबना. सुदाम म्हनला, आमी बाजरीत तोंडावर हात ठिवून पडलेलो, अन् वर शीळ चालूच. चालूच. त्यास्नी काय ठाव, उत्तर द्यायचं आसतंय म्हून? अन् ठाव आसतं तरी लपल्यालं माणूस शीळ घालीन का?" त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "उत्तर देनारा मी. मी हितं मशिनीवर व्हतो. ती माणसं त्या आवाजावर टेकडी चढून गेली."

कुणाला शिक्षा झाली नाही. तीच माणसं पुढं लग्नाच्या पंगतीत मुंजाबाला आग्रह करायची. तो राग त्याच्या पोटात होता तसाच होता, त्यावर काळाचा काही इलाज चालला नव्हता.

सारजा लॅपटॉप मिटायला लागली. त्यानं तिचा हात धरला. "मिटू नको. मला त्याला ऐकायचंय. ह्या बारीला गप बसतो."

त्यानं उपरण्याचा बोळा दातात धरला आणि भिंतीला टेकून बसला. गुरगुर आली. सूर उठला, चढू लागला. त्याचे डोळे भरून वाहू लागले, मान हलू लागली, पण तोंडातून आवाज गेला नाही. भावाची शीळ त्यानं जाणूनबुजून बिनउत्तराची जाऊ दिली. ती चढत चढत गेली आणि एकाएकी थांबली.

मुंजाबानं बोळा काढला. त्याला एकदम हलकं वाटलं. "थांबली," तो पुटपुटला.

सारजानं ओठांवर बोट ठेवलं होतं. तिनं ते काढलंच नाही. म्हाळसाबाईनं वरच्या आवाजानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. बराच वेळ दोघी तशाच होत्या. मग सारजानं बोट खाली घेतलं.

"थांबली नव्हती आबा. वर गेली होती. तिथलं तुमाला ऐकू येत नाय."

मग तिनं ओवी लावली. कपाट थरथरलं नाही, काही घुमलं नाही. म्हाळसाबाईनं तोंडाला पदर लावला. "आवं, हितं, हितं बसून म्हनत्यात की!" मुंजाबा पुढं वाकून ऐकत राहिला. त्याला सूर आला, भरदार आणि जवळचा, पण शब्दांच्या कडा आल्या नाहीत. खोली आता चांगली झाली होती. बाकी जे गेलं होतं ते खोलीतलं नव्हतं.

"आले का शब्द?" सारजानं विचारलं.

"लई चांगलं झालं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ती शीळ परत लाव."

"मोजून झालं की आबा."

"लाव."

तिनं लावली. गुरगुर, सूर, चढण. त्याच्यापुरती ती थांबली तशी मुंजाबानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. तिथं अजून चालू होती. त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि सगळा जीव एकवटून आखूड, दुहेरी शीळ घातली. भिंतींवर आपटून ती त्याच्याकडंच परत आली.

"थांबला का त्यो?"

सारजानं पडद्याकडं बघितलं. सुराची रेघ अजून वर चढत होती.

"व्हय आबा," ती म्हणाली. "थांबले."