मऊ गादीवरची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, लॅपटॉपच्या पोटातली. आता फुगून टम्म झाले आहे, म्हणून सौंसरला उत्तमभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात कोरड्या रेतीच्या डब्यात पडून असते. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते सावरगावचं घर, हिमानी आणि तिची आई सरलाबाई.

हिमानीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घरात आला, तेव्हा माझा काय तोरा होता! सकाळी एकदा पोटभर वीज प्यायले की संध्याकाळपर्यंत चिंता नसे. हिमानी संत्र्याच्या बागेत झाडाखाली बसून अभ्यास करायची. "माही बॅटरी लय दमाची आहे," असं मैत्रिणींना सांगायची, आणि मी आतल्या आत फुशारून जायचे.

सरलाबाईंचाही माझ्यावर जीव होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणाऱ्या घरातली ती बाई. राबणाऱ्याला मऊ द्यावं, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिने घरच्या कापसाची छोटी गादी शिवली, तिला लाल झालर लावली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला.

"टेबल टणक लागते त्याले. दिवसभर राबून राहिलं बिचारं," ती म्हणाली. उपाशी राहू नये म्हणून चार्जरची पिनही तिने कायमची खोचून ठेवली.

काय सांगू मित्रांनो! लॅपटॉपला हवा मिळते ती खालच्या जाळीतून. ती जाळी गादीत रुतली, आणि वरून चार्जिंग काही थांबेना. मी भाजत होते, आणि ती माउली रोज गादी झटकून पुन्हा माझ्याखाली सारत होती. तिच्यावर रागवावं तरी कसं? मला तोंड असतं तर म्हटलं असतं, आई, मला साधा लाकडी पाट दे.

हळूहळू माझा दम सरला. मी फुगले, तशी बोट फिरवायची पट्टी वर उचलली गेली. हिमानीने ते पाहिलं. पण नागपूरच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आली होती. कॉलेज संपल्यापासून ती याच नोकरीसाठी झटत होती, आणि परीक्षा एकदाच देता येणार होती.

"पेपर होऊ दे, मंग बदलतो," ती म्हणाली.

परीक्षा आली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला. त्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, अशी इथली जुनी रीत. नागपूरच्या लोकांना त्याचं काय! जाम नदीवर दगड चालू होते आणि इकडे पेपर अर्ध्यावर असताना लाइट गेली. पलीकडे पांढुर्ण्यात हिमानीच्या मैत्रिणीकडे, डिंपलकडे, इन्व्हर्टर होता. पण त्या दिवशी नदी कोण ओलांडणार?

"चाल वं माहे बाई, थोडाच राहिला," हिमानी मला म्हणाली.

मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. खरंच सगळं दिलं, मित्रांनो. तरी पडदा काळा झाला. हिमानी रडली नाही, पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. सरलाबाई धावत आली आणि पदराने लॅपटॉपला वारा घालू लागली. तेवढी हवा आधी मिळाली असती तर!

पुढच्या आठवड्यात उत्तमभाऊंनी मला बाहेर काढलं आणि माझ्या जागी नवी बॅटरी बसवली. लाल झालरीची गादी हिमानीच्या पिशवीतून डोकावत होती. ती पाहून ते म्हणाले, "याच्यावर ठेवत होते काय? म्हणूनच फुगली हे. आता पाटावर ठेवत जा. अन् जुनी कचऱ्यात टाकू नका, पेट घेते. मी नागपूरले पाठवतो."

तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय म्हणते उत्तम? काहून बिघडली?"

हिमानीने डब्यात माझ्याकडे पाहिलं. "काही नाई आई. म्हातारी झाली होती."

"बरं. नवीसाठी नवी गादी शिवून राहिली मी. हा कापूस आणखी मऊ आहे."

"शिव," हिमानी म्हणाली. "पण लॅपटॉपले नको. मले शिव, उशाले."

फोन ठेवल्यावर मात्र ती रडली. पेपर गेल्यापासून पहिल्यांदाच.

मित्रांनो, मला आता फार काही मागायचं नाही. लॅपटॉप टणक जागेवर ठेवा, सारखी पिन खोचून ठेवू नका, आणि बॅटरी फुगलेली दिसली की उद्यावर टाकू नका. आणि तुमची आई मायेने मऊ गादी घेऊन आली, तर तिला जवळ बसवून नीट समजावून सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.